एमएसचा विषाणू : काय तपासावं, काय सोडून द्यावं

डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दादरपर्यंत एका पायावर उभं राहिलं की निम्म्या डब्याचे पाय बधिर होतात. उतरून चार पावलं चाललं की मुंग्या जातात आणि माणूस विसरून जातो. त्यामुळे एखाद्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचा पाय आठ-आठ दिवस जागा झाला नाही, तरी घरात कुणी ते फारसं मनावर घेत नाही. ‘रोज उभ्याने प्रवास, दुसरं काय होणार!’ बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं होतात, कंबरेला पट्टा येतो. महिन्याभरात मुंग्या आपोआप जातात आणि श्रेय पट्ट्याला मिळतं. वर्षभराने एका डोळ्यापुढे धुकं येतं, लाल साडी विटकी दिसू लागते, आणि तेव्हा कुठे कुणीतरी मेंदूचा एमआरआय काढायला सांगतं. अहवालात नाव येतं : मल्टिपल स्क्लेरॉसिस. थोडक्यात एमएस.

हे चित्र कुणा एकीचं नाही, पण या आजाराची सुरुवात बहुतेकदा अशीच चोरपावलांनी होते. नाव कळल्यावर घरातला पहिला प्रश्न असतो, ‘हे आलं कुठून?’ मोबाइलवर शोधलं की हल्ली लगेच उत्तर मिळतं : विषाणूमुळे. मग पुढची धावपळ सुरू होते. त्या विषाणूची रक्ततपासणी कुठे होते, त्यावर गोळी आहे का, घरातल्या मुलांना तो लागेल का, एकाच ताटात जेवायचं थांबवावं का? ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना या उत्तरातला कोणता भाग उपयोगाचा आहे आणि कशावर पैसे व झोप घालवू नये, ते इथे पाहू.

आजार नेमका काय

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतल्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच हे आवरण कुरतडते. उंदराने वायर कुरतडली तर दिवा कधी मंद होतो, कधी लुकलुकतो, कधी विझतो, तसंच इथे होतं. कुरतडलेली जागा डोळ्याच्या नसेत असेल तर नजर धूसर होते, मज्जारज्जूत असेल तर पाय जड पडतो किंवा लघवीवरचा ताबा सुटतो, लहान मेंदूत असेल तर चालताना तोल जातो. फ्रेंच डॉक्टर जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८मध्ये या आजाराचं चित्र पहिल्यांदा नीट मांडलं. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट स्त्रियांना होतो. बहुतेकांमध्ये तो झटक्यांच्या रूपात येतो. काही आठवडे त्रास होतो, मग तो ओसरतो आणि पुढचा झटका येईपर्यंत शांतता असते. ‘बरं झालं ना आता’ असं म्हणून औषध सोडून देण्याचा मोह याच शांततेत होतो.

संशयितांची यादी

या आजारामागे एखादा संसर्ग असावा, असा संशय जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४०मध्ये, ब्रिटिश सैन्य फेरो बेटांवर उतरलं. त्याआधी तिथे एमएस जवळजवळ नव्हता, सैन्य आल्यानंतरच्या वर्षांत रुग्ण दिसू लागले, असा दावा अमेरिकन संशोधक जॉन कर्ट्झके यांनी केला. सैनिकांनी काहीतरी आणलं असावं, हा त्यांचा तर्क. त्यावर वाद झाले आणि ते ‘काहीतरी’ काही सापडलं नाही. मधल्या काळात गोवरापासून कुत्र्यांच्या डिस्टेंपरपर्यंत अनेकांवर संशय घेतला गेला. एमएसच्या रुग्णांच्या मज्जारज्जूतल्या पाण्यात गोवर, रुबेला आणि कांजिण्या या तिन्हींविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात, हे खरं आहे. पण त्यावरून तीनपैकी एकही विषाणू गुन्हेगार ठरला नाही.

साध्या वाटणाऱ्या विषाणूची झळ नसांपर्यंत पोचते, हे मात्र मुंबईने जवळून पाहिलं आहे. १९७१मध्ये शहरात डोळे येण्याची मोठी साथ आली. डोळे लालभडक होऊन आतल्या आत रक्त साकळायचं. डोळे आठवड्याभरात बरे व्हायचे. पण काही रुग्णांचे पाय त्यानंतर दोन-चार आठवड्यांनी लुळे पडू लागले, पोलिओसारखे. आधी आलेले डोळे आणि नंतर गेलेले पाय यांचा संबंध मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. कारण होतं एन्टेरोव्हायरस ७० हा विषाणू. तो आजार एमएस नव्हता. पण संसर्ग एका जागी आणि घाव दुसऱ्याच जागी, तोही काही आठवड्यांनी, हे त्यातून दिसलं. एमएसमध्ये हेच अंतर आठवड्यांऐवजी वर्षांचं असेल, तर दुवा जुळवणं किती कठीण, याची कल्पना करता येते.

तो दुवा जुळला जानेवारी २०२२मध्ये, ‘सायन्स’ या नियतकालिकात. हार्वर्ड विद्यापीठातल्या अल्बर्टो अशेरिओ यांच्या गटाने अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक तरुणांच्या वीस वर्षांच्या नोंदी चाळल्या. एचआयव्हीच्या तपासणीसाठी सैनिकांचं रक्त ठरावीक काळाने घेतलं जात असे आणि उरलेलं रक्तद्रव गोठवून ठेवलेलं होतं. पुढे एमएस झालेल्या ८०१ जणांचे नमुने तपासता आले. त्यांतल्या ३५ जणांच्या सुरुवातीच्या रक्तात एपस्टाइन-बार विषाणूचा मागमूस नव्हता. आजार सुरू होण्याआधी या ३५पैकी ३४ जणांना त्याचा संसर्ग होऊन गेला. म्हणजे ८०१ जणांत विषाणूशिवाय एमएस झालेला एकच जण निघाला. हा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढला. सायटोमेगॅलोसारख्या इतर विषाणूंच्या बाबतीत अशी वाढ दिसली नाही. नसांना इजा झाली की रक्तात वाढणारं एक प्रथिनही या विषाणूच्या संसर्गानंतरच वाढलेलं होतं.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक संभाव्य यंत्रणा दाखवली. विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा आणि मेंदूतल्या पेशींवरचं एक प्रथिन यांच्यात साम्य आहे. विषाणूवर सोडलेली प्रतिपिंडं चेहरा ओळखण्यात चुकतात आणि घरच्याच माणसाला धरतात, असं काहीसं.

उष्ट्यातून येणारा पाहुणा

एपस्टाइन-बार हा विषाणू १९६४मध्ये अँथनी एपस्टाइन, इव्होन बार आणि बर्ट अचोंग यांनी आफ्रिकेतल्या मुलांच्या कर्करोगाच्या गाठीत शोधला. तो पसरतो लाळेतून, म्हणजे आपल्या भाषेत उष्ट्यातून. आईने घास फुंकून भरवला, भावंडांनी एकच कुल्फी चाटली, बाळाच्या हातातलं खेळणं शेजारच्या बाळाच्या तोंडात गेलं, एवढं त्याला पुरतं. जगातल्या दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आहे. एकदा आला की ‘बी’ जातीच्या पांढऱ्या पेशींमध्ये तो आयुष्यभर मुक्काम ठोकतो.

आपल्याकडे तो बहुतेकांना अगदी लहानपणीच गाठतो आणि किरकोळ ताप-सर्दीपलीकडे काही जाणवतही नाही. पाश्चात्त्य देशांत पुष्कळांना तो कॉलेजच्या वयात होतो. तेव्हा घसा सुजतो, मानेत गाठी येतात, थकवा आठवडेच्या आठवडे टिकतो. याला तिकडे ‘मोनो’ म्हणतात. मोनो होऊन गेलेल्यांमध्ये पुढे एमएसचा धोका साधारण दुप्पट दिसतो. भारतात एमएस कमी असण्याचं हेही एक कारण असेल, असं काही संशोधकांना वाटतं. कारणं आणखीही असू शकतात. पण घरात एमएसचा रुग्ण आहे म्हणून नातवंडांना आजीच्या ताटातला घास बंद करण्यात काही अर्थ नाही, एवढं यातून नक्की निघतं. रुग्णापासून कुणाला एमएस ‘लागत’ नाही. त्याचं ताट, पेला, अंथरूण वेगळं करण्याचीही काही गरज नाही.

विषाणू सगळ्यांत आणि आजार मोजक्यांना, हे कोडं मुंबईतल्या पारशी समाजाने आणखी धारदार केलं. डॉ. वाडिया यांनीच १९९०मध्ये मांडलेल्या अभ्यासात पारशांमध्ये एमएसचं प्रमाण लाखात सुमारे २६ आढळलं. तुलनेसाठी, मंगळुरूमध्ये डॉ. लेखा पंडित यांच्या गटाने पुढे केलेल्या पाहणीत ते लाखात आठच्या आसपास निघालं, आणि उत्तर युरोपात ते शंभराच्याही पुढे जातं. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ अग्यारी आहे. तिथे येणारी कुटुंबं आणि त्या नाक्यावरून रोज जाणारे बाकीचे ठाणेकर एकाच शहराचं पाणी पितात, एकाच लोकलमध्ये खोकतात. विषाणू दोघांनाही तेच भेटतात. तरी आजाराचं प्रमाण वेगळं, म्हणजे विषाणूच्या जोडीला आणखी काहीतरी लागतं. त्यात आनुवंशिक घडण येते, एचएलए-डीआरबी१*१५:०१ हे जनुकरूप येतं, धूम्रपान, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि किशोरवयातला लठ्ठपणा येतो. विषाणू म्हणजे ओटीतला जुना पाहुणा. भांडण होतं ते तो आणि घरातली आणखी काही माणसं एकत्र आली की.

काय तपासू नये

यातून पहिला सल्ला निघतो. एमएसचं निदान करण्यासाठी एपस्टाइन-बारची रक्ततपासणी करू नये. ती होकारार्थी येणारच. रुग्णाची येईल, नवऱ्याची येईल, सोबत आलेल्या शेजाऱ्याचीही येईल. नव्याने झालेला मोनो ओळखण्यासाठी तिचा उपयोग आहे, एमएससाठी नाही.

दुसरा सल्ला औषधांचा. नागिणीवर दिली जाणारी विषाणूरोधक गोळी एमएससाठी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. ती एमएस थांबवते असं सिद्ध झालेलं नाही. विषाणूग्रस्त पेशींवर तयार केलेल्या टी-पेशी देण्याचा एक महागडा प्रयोग परदेशात झाला. २०२३च्या अखेरीस त्याचे निकाल निराशाजनक आले. एपस्टाइन-बारवरच्या नव्या लशींच्या प्राथमिक चाचण्या २०२२मध्ये सुरू झाल्या, पण बाजारात अशी लस नाही. ‘विषाणू शरीरातून धुऊन काढतो’ असं सांगून काढे, डिटॉक्स किंवा सलाइनची पॅकेजं कुणी विकत असेल, तर त्याच्या पायरीवरूनच परत फिरावं. हा विषाणू शरीरातून काढून टाकणारा उपाय आज कुणाकडेही नाही.

‘ड’ जीवनसत्त्वाबद्दलही सांभाळून. उंच इमारतींच्या सावलीतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पुष्कळांमध्ये ते कमी असतं आणि ते भरून काढणं रास्तच. पण साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी महिनोन् महिने तपासणीशिवाय घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

डोळे आले की डोळ्याची नस सुजली?

दर पावसाळ्यात ठाण्यापासून बदलापूरपर्यंत डोळ्यांची साथ येते. त्या गडबडीत डोळ्याच्या नसेची सूज नजरेआड होते. दोन्हींतला फरक घरबसल्याही ओळखता येतो. डोळे आले की ते लाल होतात, चिकट होतात, सकाळी पापण्या चिकटतात. नजर मात्र बहुतेकदा शाबूत असते. नस सुजली तर डोळा बाहेरून पांढरास्वच्छ दिसतो, पण डोळा इकडेतिकडे फिरवताना आत दुखतं, एक-दोन दिवसांत नजर धूसर होते आणि रंग फिके पडतात. एकेक डोळा झाकून लाल रंगाची वस्तू पाहावी. एका डोळ्याला कुंकू दिसतं आणि दुसऱ्याला विटकर, असं झालं तर थेंब टाकत बसू नये. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट गाठावेत.

इथे आणखी एक खबरदारी. दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून नेहमीच्या मात्रेत घेऊ नयेत. १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत नुसत्या तोंडी गोळ्या घेतलेल्यांमध्ये डोळ्याची सूज पुन्हा उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. एमएसच्या झटक्यात सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन मोठ्या मात्रेत तीन ते पाच दिवस शिरेतून दिलं जातं, तेही आधी संसर्ग नाही ना हे पाहून.

डोळ्याखेरीज आणखी काही लक्षणं चोवीस तासांहून जास्त टिकली तर उभ्याने प्रवासावर ढकलू नयेत. मान खाली वाकवली की पाठीतून विजेसारखा झटका जाणं, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं, एका बाजूचा हात-पाय जड पडणं, एकाचे दोन दिसणं, लघवी अचानक घाईने लागणं किंवा अडणं, ही ती लक्षणं.

एमएससारखं, पण एमएस नाही

आपल्या भागात निदान करताना डॉक्टरांना बऱ्याच गोष्टी आधी वगळाव्या लागतात. बी-ट्वेल्व्हची कमतरता, मेंदूचा किंवा मणक्याचा क्षयरोग यांत अशीच लक्षणं दिसू शकतात. डेंग्यू, चिकुनगुनिया किंवा एखाद्या साध्या विषाणूजन्य तापानंतर काही आठवड्यांत मेंदूला किंवा मज्जारज्जूला सूज येऊ शकते. ती बहुतेकदा एकदाच येते आणि पुन्हा उलटत नाही. म्हणून अशा रुग्णाच्या पहिल्याच एमआरआयवर आयुष्यभराचा शिक्का मारला जात नाही. काही महिन्यांनी एमआरआय पुन्हा काढतात. तापाची तारीख, प्लेटलेटचे अहवाल, डेंग्यू-चिकुनगुनियाच्या तपासण्या या वेळी हाताशी असल्या तर फार उपयोग होतो. रद्दीत देऊ नयेत.

सर्वांत महत्त्वाचा जुळा भाऊ म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. दोन्ही डोळे एकदम जाणं, मज्जारज्जूच्या लांबच लांब भागाला सूज येणं, किंवा दिवसेंदिवस न थांबणारी उचकी आणि उलटी ही त्याची लक्षणं. उचकीसाठी माणूस पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत राहतो आणि मूळ दुखणं मानेच्या वर, मेंदूच्या देठात असतं. अ‍ॅक्वापोरिन-४ विरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी त्याचा छडा लावते. एमएसवरची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमॉड, या आजारात उलट नुकसान करू शकतात. त्यामुळे एपस्टाइन-बारच्या तपासणीसाठी बाजूला ठेवलेले पैसे या तपासणीला लावावेत, पण कधी आणि कोणती करायची हे न्यूरॉलॉजिस्टला विचारून. आणि ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो’ या समजुतीपायी ती तपासणी टाळू नये. त्यासाठीची सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात, आणि क्षय की एमएस हा पेच त्या पाण्यातूनच अनेकदा सुटतो.

आजचा संसर्ग जास्त महत्त्वाचा

वीस वर्षांपूर्वी उष्ट्यातून आलेल्या विषाणूचं आता काही करता येत नाही. पण या पावसाळ्यात होणाऱ्या संसर्गाचं पुष्कळ काही करता येतं, आणि रुग्णाच्या रोजच्या जगण्यात फरक पडतो तो तिथेच.

ताप आला, लघवीला जळजळ झाली, छातीत कफ भरला की एमएसची जुनी लक्षणं डोकं वर काढतात. गेल्या वर्षी बरा झालेला पाय पुन्हा ओढू लागतो. घरचे घाबरून ‘नवा झटका आला’ म्हणतात. पुष्कळदा तो खरा झटका नसतो. अंगातली उष्णता वाढली की आवरण गेलेल्या नसेतून संदेश नीट जात नाहीत, एवढंच घडत असतं. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहॉफ यांनी १८९०मध्ये श्रमानंतर रुग्णांची नजर याच कारणाने मंदावते, हे पाहिलं होतं. म्हणून त्रास वाढला की आधी ताप मोजावा आणि लघवीची तपासणी व कल्चर करून घ्यावं. एमएसमध्ये मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसल्याने लघवीचा संसर्ग वारंवार होतो आणि तो दरवेळी जळजळ देतोच असं नाही. संसर्ग असताना स्टेरॉइड चढवलं तर दुखणं उलट वाढू शकतं. ताप-संसर्ग नसताना नवं लक्षण चोवीस तासांहून जास्त टिकलं, तर तो झटका समजून डॉक्टरांना कळवावं.

लांबच्या प्रवासात वाटेत कुठे जायला नको म्हणून पाणीच न पिणं ही लोकलने फिरणाऱ्या बायकांची सवय. ती एमएसमध्ये अंगाशी येते. त्यापेक्षा पाणी दिवसभर थोडं थोडं प्यावं, निघण्यापूर्वी लघवीला जाऊन यावं आणि तासाभराच्या पुढे रोखून धरावी लागेल असा प्रवास मोडून करावा.

उष्णतेचंही तसंच. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी कल्याण स्थानकाचा पूल चढून गेल्यावर दिसायला अंधुक होतं, ते सावलीत पंख्याखाली अर्ध्या तासात ओसरतं. त्याने नवी इजा होत नाही. मानेवर ओला पंचा, थंड पाण्याची बाटली, कडक गरम पाण्याच्या आंघोळीला फाटा, शक्य असेल त्याला एसी लोकल किंवा गर्दीच्या आधीची-नंतरची गाडी, असे साधे उपाय पुरतात. व्यायाम बंद करू नये, तो पहाटे किंवा संध्याकाळी करावा.

औषध सुरू होण्याआधी

एमएसचं औषध झटके कमी करण्यासाठी असतं आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. ऑक्रेलिझुमॅब आणि रिटुक्सिमॅब ही औषधं नेमक्या त्याच ‘बी’ पेशी कमी करतात, ज्यांत एपस्टाइन-बार लपून बसतो. ती विषाणूमुळे गुण देतात की दुसऱ्या कारणाने, यावर संशोधक अजून खल करत आहेत. रुग्णाच्या दृष्टीने मुद्दा इतकाच, की त्यांनी प्रतिकारशक्ती दबते आणि अंगात दबून असलेले इतर जंतू उठू शकतात.

म्हणून औषधाआधी पुढच्या गोष्टी झाल्या आहेत ना, हे रुग्णाने स्वतः विचारावं. हेपटायटिस बीची तपासणी, कारण ‘बी’ पेशी कमी करणाऱ्या औषधांनी जुना हेपटायटिस बी उसळू शकतो. क्षयरोगाची तपासणी, कारण आपल्याकडे तो घरोघरी भेटतो. कांजिण्या होऊन गेल्या आहेत की नाहीत, याची रक्ततपासणी. नॅटालिझुमॅब द्यायचं असेल तर जेसी नावाच्या विषाणूची प्रतिपिंडं. ती असतील तर मेंदूच्या एका घातक संसर्गाचा धोका वाढतो. विषाणू शोधायचेच असतील, तर हे शोधावेत.

लशींच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. काही जण लशीनेच एमएस होतो असं धरून चालतात. हेपटायटिस बीच्या लशीबद्दल फ्रान्समध्ये १९९०च्या दशकात अशी मोठी भीती पसरली होती. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तिला आधार मिळाला नाही. दुसरीकडे काही जण कोणतीही लस कधीही घेतात. साधा नियम असा : फ्लू, न्यूमोनिया, हेपटायटिस बी यांसारख्या मृत लशी एमएसमध्ये चालतात. गोवर-रुबेला, कांजिण्या यांच्या जिवंत लशी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना घेऊ नयेत. घ्यायच्याच असतील तर औषध सुरू होण्यापूर्वी किमान चार आठवडे. घरातल्या बाळांना मात्र गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस वेळेवर द्यावेत. २०२२च्या अखेरीस मुंबईत आणि शेजारच्या भिवंडीत गोवराची साथ आली होती. अशा वेळी लस घेतलेली मुलं हीच रुग्णाची ढाल असते.

कुठे जावं, कोणते कागद

ठाणे-कल्याण पट्ट्यात एमआरआय आणि न्यूरॉलॉजिस्ट खासगीत मिळतात. सरकारी वाटेने जायचं तर ठाण्याचं जिल्हा रुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचं शास्त्रीनगर इथून सुरुवात करता येते. पण निदान अडलं असेल तर परळचं केईएम किंवा भायखळ्याचं जे. जे. गाठून एकदा न्यूरॉलॉजी विभागाचं मत घ्यावं. जाताना एमआरआयचा नुसता कागद नेऊ नये. फिल्म किंवा सीडी न्यावी, सगळ्यांत जुनीही. नवा डाग कोणता आणि जुना कोणता, हे जुन्या फिल्मशिवाय सांगता येत नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव स्पष्टपणे आहे. स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, मिळतं. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. हे प्रमाणपत्र गाडीत दिव्यांगांच्या डब्यात चढतानाही जवळ असलेलं बरं. एमएसचा रुग्ण बाहेरून धडधाकट दिसतो आणि ‘तुला काय झालंय?’ असं विचारणारं कुणीतरी त्या डब्यात भेटतंच. आरोग्य विम्यात गंभीर आजारांची वेगळी पॉलिसी असेल तर ती काढून वाचावी. ‘टिकून राहणाऱ्या लक्षणांसह मल्टिपल स्क्लेरॉसिस’ हा त्यातला प्रमाणित आजार आहे आणि दाव्यासाठी लक्षणं किमान सहा महिने टिकल्याची नोंद लागते. म्हणून दर भेटीत काय त्रास होता, तो केसपेपरवर लिहून घ्यावा.

मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्ण आणि कुटुंबीयांची संस्था १९८५पासून काम करते. तिच्या शाखा मुंबई आणि पुण्यातही आहेत. फिजिओथेरपी, समुपदेशन आणि औषधांच्या खर्चाची वाट यांसाठी तिथे विचारता येतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हाच आजार घेऊन नोकरी-संसार करणारी माणसं तिथे भेटतात.

शेवटी एक घरगुती काम. वहीच्या एका पानावर पहिल्या लक्षणाची तारीख, प्रत्येक झटका कधी आला आणि किती दिवस टिकला, त्याआधीच्या महिन्यात ताप किंवा डेंग्यू झाला होता का, कोणतं औषध कधी सुरू झालं, हेपटायटिस बी आणि क्षयाच्या तपासण्यांचे निकाल, घेतलेल्या लशी आणि न्यूरॉलॉजिस्टचा फोन, एवढं लिहून ते पान सगळ्या फायलीच्या वर लावावं. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. रात्री अकरा वाजता ताप चढला आणि जवळच्या नर्सिंग होममध्ये ओळखीचं कुणी नसलं, तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत लागणारं सगळं त्या एका फोटोत असेल.